फटफटीची निगा आणि मराठी गद्य

मोटारसायकलीला मराठीने स्वतःचे असे एक नाव दिले, ते म्हणजे ‘फटफटी’. हे नाव ध्वनीवरून आलेले आहे. यंत्राची रचना, त्याचा वेग, किंमत किंवा मालक यांपैकी कशाचीही दखल न घेता भाषेने त्या यंत्राचा आवाज तेवढा उचलला. आमच्या सेलूत आज हा शब्द बहुधा साठीच्या पुढची माणसेच वापरतात. तरुण नुसते ‘गाडी’ म्हणतात किंवा थेट मॉडेलचे नाव घेतात. शब्द जुना होणे ही नेहमीची घटना आहे, तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र या शब्दाबरोबर यंत्राकडे कान देऊन पाहण्याची एक रीतही मागे पडत चालली आहे आणि तिची दखल मराठीच्या अभ्यासकांनी घ्यावी असे आम्हांस वाटते.

आम्ही मराठीचे अध्यापक आहोत, चाळिशीतले आहोत, आणि आमच्यापैकी दोघांकडे अशा गाड्या आहेत. एकाकडे वडिलांकडून आलेली, लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट आहे. दुसऱ्याने साडेसहाशे सी.सी.ची नवी क्रूझर घेतली आहे. क्रूझर म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, खालच्या बैठकीची, रुंद हँडलची आणि पाय पुढे ठेवून चालवायची वजनदार मोटारसायकल. सरळ, लांब रस्त्यावर न थकता तासन्‌तास जाता यावे यासाठी तिची घडण असते. साहित्यविषयक लेखनाच्या जागी असला विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, वस्तूची मालकी आणि वस्तूची निगा या दोन गोष्टी आपल्या काळात एकमेकींपासून तुटत चालल्या आहेत. ही फाटाफूट मोटारसायकलीत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. निगेची जी भाषा आपल्याभोवती बोलली जाते, ती मराठी गद्याने अजून मनावर घेतलेली नाही.

आधी थोडा इतिहास. ब्रिटिश बनावटीची बुलेट १९४९ पासून मद्रासमार्गे भारतात येऊ लागली आणि १९५५ मध्ये तिथेच ‘एन्फील्ड इंडिया’ ही कंपनी उभी राहिली. सैन्याने आणि पोलिसांनी ती स्वीकारल्यामुळे तिच्या आवाजाला सत्तेचा एक सूर चिकटला. १९६० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला ‘आयडियल जावा’चा कारखाना सुरू झाला, पुढे त्याच कारखान्याच्या ‘येझदी’ने एका पिढीला वेड लावले आणि १९९६ मध्ये तो बंद पडला. आमच्या भागात बुलेट म्हटले की फौजदार, बांधकामाचा गुत्तेदार, मोठा बागाईतदार अशी माणसे डोळ्यांपुढे येत. राजदूत ही दूधवाल्याची आणि शेतकऱ्याची गाडी. या सगळ्या गाड्यांत एक समान गोष्ट होती. त्या मालकाला स्वस्थ बसू देत नसत.

जुनी बुलेट सुरू करणे हे एक लहानसे अनुष्ठानच असे. डिकॉम्प्रेशनची लिव्हर दाबून किक हळूहळू खाली न्यायची, अँपियर-मीटरचा काटा मध्यावर आला की पिस्टन नेमक्या जागी आला असे समजायचे, मग लिव्हर सोडून एकच पूर्ण किक मारायची. घाई केली तर किक उलटी येऊन घोट्याला प्रसाद मिळे. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, त्यामुळे दुसऱ्याची गाडी चालवून आलेल्याला मन पुन्हा जुळवून घ्यावे लागे. टापेट बसवायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, मात्र वर-खाली हलता कामा नये. ‘सहज’ म्हणजे किती, हे कोणत्याही पुस्तकात छापता येत नाही. ते बोटांना कळावे लागते, आणि बोटांना कळेपर्यंत दोन-चार वर्षे जातात.

१९८५ नंतर चित्र बदलले. जपानी सहकार्याने आलेल्या शंभर सी.सी.च्या चारस्ट्रोक गाड्यांनी मध्यमवर्गाला आणि लहान शेतकऱ्याला खऱ्या अर्थाने वाहन दिले, हे त्यांचे उपकार मान्यच केले पाहिजेत. तथापि त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या गाडीची जाहिरात काय सांगत होती? टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. विसरता येणे हा वस्तूचा गुण म्हणून प्रथमच इतक्या उघडपणे विकला गेला. पेट्रोलच्या काटकसरीपुरते ते वचन खरे होते, परंतु त्यातून मालकीची एक नवी कल्पना रुजली. उत्तम वस्तू ती, जी आपल्याकडून काहीच मागत नाही. आजच्या मोबाइलपासून घरातल्या पाण्याच्या यंत्रापर्यंत सगळीकडे आपण हीच अपेक्षा घेऊन वावरतो.

भारी क्रूझर या अपेक्षेला बधत नाही. महाराष्ट्रात तिची हौस बजाजने २००१ मध्ये ‘एलिमिनेटर’ आणि २००५ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर’ आणून लहान इंजिनावर भागवली. त्याहून मोठ्या गाडीची कथा अधिक बोधप्रद आहे. ह्योसंग या कोरियन कंपनीची ‘अक्विला’ ही क्रूझर महाराष्ट्रातल्या एकामागून एक तीन उद्योगगटांच्या हातांतून गेली. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती कायनेटिकने आणली, २०११ मध्ये ह्योसंगच्या गाड्या गरवारे समूहाने हाती घेतल्या, २०१२ पासून वाईच्या कारखान्यातून डीएसके समूहाने त्या विकल्या, तो व्यवहार थांबल्यावर २०१८ मध्ये त्या पुन्हा कायनेटिककडे आल्या. दर हस्तांतराच्या वेळी ज्यांनी गाड्या आधीच घेतल्या होत्या त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. गाडी धडधाकट असते, पण एखादे गॅस्केट किंवा केबल मिळत नाही म्हणून ती अंगणात उभी राहते. हार्ले-डेव्हिडसनने २०२० च्या सप्टेंबरात भारतातला स्वतःचा कारभार आवरता घेतला तेव्हाही हीच धास्ती होती. पुढे हीरो मोटोकॉर्पशी करार झाला, २०२३ मध्ये ‘एक्स ४४०’ आली आणि तिथे ती धास्ती पुष्कळशी निवळली. तात्पर्य एवढेच की, अशी गाडी विकत घेणारा मनुष्य एका यंत्राबरोबर दूरच्या एखाद्या कचेरीतला निर्णयही विकत घेत असतो.

आता हे सर्व सेलूच्या मापात मोजून पाहू. सुपर मिटिऑर ६५० या गाडीचे वजन २४१ किलो आहे आणि तिचे पोट जमिनीपासून १३५ मिलिमीटर वर असते. आमच्या तालुक्यातले गतिरोधक कोणत्याही मानकाशी बांधील नसल्यामुळे हे अंतर किती अपुरे आहे ते पहिल्या आठवड्यातच कळते. काळ्या मातीची धूळ हवेच्या गाळणीत आणि साखळीवर बसते. पावसाळ्यात हीच माती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये थापली जाते. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळिसाच्या वर गेला की हवेवर व तेलावर थंड होणारे मोठे इंजिन बाजारपेठेतल्या गर्दीत मांड्या भाजून काढते. साखळी पाचशे-सातशे किलोमीटरला पुसून तेल घालावी लागते. टायरमधली हवा आठवड्याला पाहावी लागते. गाडी उभीच राहिली तर बॅटरी उतरते. रोज घर ते महाविद्यालय अशा दोन किलोमीटरांच्या फेऱ्या अशा इंजिनाला मानवत नाहीत, कारण तेल नीट तापण्याआधीच ते बंद होते. सुट्या भागांसाठी आणि संगणकीय तपासणीसाठी सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरकडे डोळे लावावे लागतात.

बरे, ज्या वेगासाठी ही घडण केली तो वेग वापरायचा कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आहे, २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही आहे. जिथे परवानगी आहे त्या चौपदरी महामार्गांवरही २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने दुचाकीला घातलेली मर्यादा ताशी ८० किलोमीटर इतकी आहे. शासनाची करनीतीही हेच सुचवते: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवरील ४० टक्के झाला. म्हणजे मोठी क्रूझर ही कायद्याच्या लेखी चैन आहे, आणि रस्त्यांच्या लेखी ती जवळपास परकी आहे. या बंद्यांविरुद्ध आमची तक्रार नाही. अपघातांत जाणारे तरुण आम्हीही पाहतो, आणि हेल्मेट न घालता तीन-तीन जण बसून जाणाऱ्या आमच्याच विद्यार्थ्यांना आम्ही हटकतो. आमचा मुद्दा वेगळा आहे. वेग वापरता येत नसेल तर या गाडीपाशी मालकाला करण्यासारखे उरते ते प्रामुख्याने तिची निगा राखणे. आणि निगाही त्याच्या हातून काढून घेतली जात असेल, तर त्याच्याकडे उरतो तो नुसता देखावा आणि मासिक हप्ता.

निगा हातून जाते ती अशी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि कार्बोरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. हवेच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. पण त्यानंतर बिघाडाचे निदान कानाने होण्याऐवजी स्कॅनरवर उमटणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने होऊ लागले. आमच्यापैकी एकाच्या गाडीचा इशारा-दिवा सारखा लागत असे. एका अधिकृत कार्यशाळेत तीन खेपा झाल्या, एक महागडा सेन्सर बदलला गेला, दिवा पुन्हा लागलाच. अखेरीस गावातल्याच एका मिस्तरींनी टाकीखालची वायरिंग बोटांनी चाचपून गंजलेला एक जोड काढून दाखवला. दोष सापडला तो बोटांना. तथापि दिवा विझवण्याचे उपकरण त्यांच्यापाशी नसल्यामुळे चौथी खेप टळली नाही. ज्याला दोष कळतो त्याला तो अधिकृतपणे दूर करता येत नाही, ही स्थिती आम्हांला केवळ गैरसोयीची वाटत नाही, अन्यायाची वाटते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि शेती-अवजारे, मोबाइल व घरगुती उपकरणे यांच्याबरोबर वाहनांचाही त्यात समावेश केला. या हक्काची चर्चा शहरी ग्राहकाच्या अंगाने होते; तालुक्याच्या गावातल्या मिस्तरीच्या अंगाने ती व्हायला हवी. त्याची उपजीविका आणि त्याचे ज्ञान, दोन्ही पणाला लागले आहे.

इथे साहित्याचा संबंध येतो. रॉबर्ट पर्सिगचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ हे पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६८ मध्ये मुलासह केलेल्या मोटारसायकल-प्रवासातून ते सिद्ध झाले, हे आपणांस ठाऊक असेलच. त्यातला एक प्रसंग आमच्या विषयाचा गाभा आहे. निवेदकाच्या मित्राची महागडी जर्मन मोटारसायकल आहे आणि तिचे हँडल सैल झाले आहे. बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी बसवली तर ते घट्ट होईल असे निवेदक सुचवतो, आणि मित्र दुखावला जातो. त्याच्या गाडीला भंगारातली पट्टी! निवेदकाच्या दृष्टीने तो उत्तम ॲल्युमिनियम आहे, मित्राच्या दृष्टीने तो बिअरचा डबा आहे. एकजण वस्तूकडे तिच्या कार्यातून पाहतो, दुसरा तिच्या प्रतिष्ठेतून. आमच्या गावात पहिला दृष्टिकोन मिस्तरीच्या हातात जिवंत आहे. त्याला आपण ‘जुगाड’ म्हणून हसतो किंवा अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या कौतुकाने गौरवतो. दोन्हींत त्याचे ज्ञान म्हणून मूल्यमापन होत नाही.

मराठीत असे गद्य कधीच नव्हते असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. सुतार, लोहार, चांभार, कुंभार यांची कामे, त्यांचे हक्क आणि गावाशी असलेले त्यांचे व्यवहार त्यात बारकाईने येतात. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाने आणि पुढे दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने कारागिरांच्या तोंडचे शब्द आस्थेने टिपले. बा. सी. मर्ढेकरांनी १९४० च्या दशकात यंत्राचे शब्द कवितेत आणले, पण त्यांचे यंत्र हे मुख्यतः मानवी हतबलतेचे चिन्ह होते. नारायण सुर्व्यांनी यंत्रापाशी उभा असलेला कामगार आणला. आमच्याच परभणी जिल्ह्यातील इंद्रजित भालेराव यांच्या ‘पीकपाणी’ने शेतीची बोली कवितेच्या मध्यभागी बसवली, आसाराम लोमटे यांनी कथेतून बदलत्या गावाचे ताणेबाणे दाखवले. एवढ्या समृद्ध परंपरेत गॅरेज मात्र जवळजवळ गैरहजर आहे. ग्रामीण कथा-कादंबरीत मोटारसायकल येते ती बहुतेक वेळा पुढाऱ्याच्या पोराची मुजोरी किंवा जमीन विकून आलेला पैसा सुचवण्यासाठी. ती दारात येऊन थांबते, धूळ उडवते आणि निघून जाते. तिची साखळी कधी सैल झालेली दिसत नाही.

यात आपण समीक्षक आणि अध्यापकही वाटेकरी आहोत. वर्गात आपण विद्यार्थ्याला विचारतो, ‘ही गाडी कशाचे प्रतीक आहे?’ विद्यार्थी परीक्षेपुरते सत्ता, पुरुषी अहंकार, भांडवलशाही असे काहीतरी लिहून मोकळा होतो. ही उत्तरे चुकीची नसतात, पण ती फार लवकर येतात. ज्या विद्यार्थ्याचा भाऊ गॅरेजात काम करतो त्याला त्या गाडीविषयी आपल्यापेक्षा कितीतरी अधिक माहीत असते, आणि आपला प्रश्नच असा असतो की ते सारे ज्ञान वर्गाबाहेर राहते. वस्तूचे प्रतीक होण्याआधी ती वस्तू असते, तिला वजन असते, ती झिजते, तिला कोणीतरी पुसते. हे ज्याला दिसले त्याचे प्रतीकवाचनही अधिक सकस होईल, अशी आमची खात्री आहे.

आणि ही भाषा किती रसरशीत आहे! मराठी, दखनी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून मराठवाड्यातल्या गॅरेजची बोली घडली आहे. ‘शॉक ॲब्सॉर्बर’चा ‘शॉकअप’ झाला. गाडीच्या ठोक्यांत खंड पडू लागला की ती ‘मिसिंग करते’. ‘ॲव्हरेज’ या शब्दाचा सरासरीशी असलेला संबंध सुटून तो एका लिटरमध्ये किती जाते एवढ्यापुरता उरला, आणि आता गाडी चांगला ‘एव्हरेज देते’. इंजिन ‘खोलतात’, ते ‘जाम होते’, गाडी ‘काम काढते’. क्लच पुल्लिंगी, किक स्त्रीलिंगी आणि इंजिन नपुंसकलिंगी का झाले, हा लिंगव्यवस्थेवरचा एक उत्तम प्रश्न आहे. शब्दसंक्षेप, अर्थसंकोच, क्रियापदघटना यांची उदाहरणे आपण पाठ्यपुस्तकातून शोधत बसतो. ती महाविद्यालयाच्या फाटकासमोर फुकट ऐकू येतात.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. ज्या जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीन यांचे भाव घराचे वर्ष ठरवतात, तिथे दोन-चार लाखांच्या गाडीचे कौतुक करणे हे असंवेदनशील नाही काय? हप्त्यावर घेतलेली, सायलेन्सर बदलून फटाके वाजवणारी बुलेट ही कित्येक घरांत भांडणाचे कारण आहे, मुलींसाठी तर तो आवाज धाकच आहे. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, म्हणूनच आम्ही मालकीची बाजू घेत नाही. सायलेन्सर बदलणारा तरुण स्वतःच्या यंत्राचा आवाज ऐकतच नसतो. तो इतरांना ऐकवत असतो. ज्याला टापेटचा आवाज ओळखू येतो तो आपली गाडी शांत ठेवतो, कारण गोंगाटात दोष ऐकू येत नाही. निगा राखणाऱ्याला खर्चाचा अंदाजही आधी येतो. साडेसहाशे सी.सी.च्या गाडीचे दोन टायर, एक साखळी-संच आणि वर्षाचा विमा यांची बेरीज ज्याने कागदावर मांडली, तो शोरूममध्ये सही करण्यापूर्वी थांबतो. आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या काही विद्यार्थ्यांना आम्ही हीच बेरीज करायला लावली. त्यांतल्या काहींनी जुनी गाडी नीट करून घेतली. आमच्या मते तोही उत्तम मालक होण्याचाच मार्ग आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर प्राचीन ग्रंथांविषयी पुष्कळ बोलले गेले, ते योग्यच झाले. परंतु भाषेचे सामर्थ्य ती आजच्या कामाला किती पुरी पडते यावरही ठरते. नव्या शैक्षणिक धोरणाने आमच्या नांदेडच्या विद्यापीठासह सर्वत्र क्षेत्रीय प्रकल्प अभ्यासक्रमात आणले आहेत. मराठी विभागांतून ते प्रकल्प बहुधा जात्यावरच्या ओव्या, म्हणी आणि यात्रा यांच्यावरच होतात. त्यांच्या जोडीला दरवर्षी दोन विद्यार्थी एखाद्या गॅरेजात महिनाभर बसवावेत, असा आमचा प्रस्ताव आहे. शब्द टिपावेत, शिकाऊ पोराला मिस्तरी काय व कसे सांगतात ते जसेच्या तसे लिहावे, एका इंजिनाची दुरुस्ती पहिल्या पान्यापासून शेवटच्या चाचणीपर्यंत मराठी गद्यात वर्णन करून दाखवावी. हे लिहिताना आपल्या शैलीचा कस लागेल. कार्बोरेटर आणि पॉइंट कानाने जुळवणारी पिढी आता पन्नाशी-साठीत आहे, आणि तिच्या हाताखाली येणाऱ्या मुलांची संख्या घटते आहे. येत्या दहा वर्षांत हे टिपले नाही तर पुढे टिपण्यासारखे फार थोडे उरेल.

मिस्तरींना या प्रकल्पाचे काय मिळेल, असेही कोणी विचारील. त्यांना निदान एवढे मिळावे की, त्यांच्या ज्ञानाचा उल्लेख त्यांच्या नावानिशी आणि संमतीने व्हावा, आणि विद्यार्थ्याने महिनाभर दुकानाची जागा अडवली त्याचा मोबदला विभागाने द्यावा. कारागिराकडून शब्द घ्यायचे आणि त्याला विसरायचे, ही आपल्या विद्वत्तेची जुनी खोड आहे. ती या कामात तरी येऊ नये.